ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? थांबा, ऐका!

आज माझीच एक चूक सांगतो.

वाशिमहून बाळापूरला येत होतो. मागे आई आणि मावशी. पातूरचा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर. अन् अचानक पेडल मऊ, पार खाली! पटापट पंप केलं, गिअर खालचा टाकला, कशीबशी गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा टणक. म्हटलं, झालं बरं. इथंच फसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "भाऊ, थंड झालं म्हंजे दुरुस्त झालं असं नसते."

कारण साधं आहे. ब्रेक ऑइल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. पण ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. घाटात ब्रेक तापले की वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, पेडल मऊ पडतं.

आता ओळखायचं कसं? गाडी उभी ठेवूनच बघा.

१. पंप केल्यावर पेडल वर येतं? लाइनमध्ये हवा असेल, किंवा मागच्या ड्रमची ॲडजस्टमेंट सैल.
२. दाबून धरलं तर हळूहळू खाली जातं? गळती, नाहीतर मास्टर सिलिंडर खराब.
३. डबीत ऑइल कमी? चाकांच्या आतून ओल बघा, पॅडही तपासा. नुसतं ऑइल भरून मोकळं होऊ नका.
४. फक्त घाटातच मऊ? माझ्यासारखं, ऑइल जुनं.

माझं ऑइल चहासारखं काळपट निघालं. मिस्त्री चाकाशी, मी पेडलवर. "दाबून धर... मी म्हणतो तवाच सोड." पेडल दाबलेलं असताना निपल उघडायचं, ऑइल अन् बुडबुडे नळीतून बाटलीत, निपल बंद, मगच पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत. चाकांचा क्रम मॅन्युअलमधला, आणि डबी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही. झाकणावर लिहिलंय तेच डॉट, सीलबंद डब्यातलं. एबीएसमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लागू शकतो, तिथं घरगुती प्रयोग नको.

साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला. घाट उतरताना खालचा गिअर टाका. आणि पेडल मऊ लागलं तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, मिस्त्रीला बोलवा.

आई आता गाडीत बसायच्या आधी विचारते, "ब्रेक पाह्यला का रे?" पाहतो. तुम्हीही पाहा. भेटू पुढच्या भागात!