बांधावरची वाट आणि तहसीलदारांपुढचा अर्ज



ऊस तोडीला आला, टोळी फडात उतरली आणि शेजाऱ्याने वाटेत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, हे दर हंगामात कुठे ना कुठे घडतंच. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं, उतारा घटतो. भांडण तेवढं वाढतं. मग माणूस चिडून तालुक्याला जातो आणि चार पानी अर्ज देतो. असाच एक अर्ज एका सभासदाने वाचायला दिला. पहिली दोन पानं शेजाऱ्याच्या आज्यापासूनच्या कागाळ्यांनी भरलेली, पण वाट अडवली कधी ती तारीख कुठंच नाही!

अशा अर्जाचं सगळं बळ तारखेत असतं. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा. त्याच्या कलम ५ खाली, वहिवाटीच्या वाटेतला बेकायदा अडथळा काढण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात; मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. "बघू, सुगीनंतर मिटंल" म्हणत बसलं की मुदत निघून जाते.

वाट मुळातच नसेल तर कलम निराळं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ प्रमाणे दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट मागता येते. तिथे शेतकऱ्याला रानात जाण्यायेण्याची वाजवी गरज काय, हे तहसीलदार पाहतात. पुष्कळ जण एकाच अर्जात "वाट पिढ्यान्‌पिढ्या हाय" असंही लिहितात आणि "वाट नाही, नवी द्या" असंही. समोरचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो. तेव्हा कुठल्या पायावर उभं राहायचं ते आधी ठरवा.

वहिवाट सांगायची तर सुरुवातीलाच लिहा: कोणत्या गटाच्या कोणत्या बाजूने, कुठून कुठपर्यंत वाट, अडथळा काय (चर खणला की तार ओढली) आणि कोणत्या दिवशी. मग गट नकाशा, सातबारा. कारखान्याच्या वजनाच्या पावत्या जरूर जोडा, पण त्यांवरून ऊस गेला एवढंच दिसतं, कुठल्या वाटेने गेला ते नाही. त्यासाठी गाडीवान किंवा लगतचा तिसरा शेतकरी साक्षीला हवा. भावकीतल्या माणसाची साक्ष तेवढी वजनदार ठरत नाही.

नवी वाट मागताना शेजारी काय म्हणणार ते ठरलेलंच असतं: "त्याला ओढ्याकडनं वाट हाय की." याचं उत्तर आपल्याच अर्जात आधी द्या. ओढ्याला पाणी कधीपर्यंत असतं, भरलेली ट्रॉली तिथून निघते का, आणि आपण मागतो त्या बाजूने शेजाऱ्याचं पीक किती कमी मोडतं. स्थळपाहणीच्या दिवशी साहेबांना हेच दाखवा, आवाज न चढवता.

कलम १४३ च्या निकालावर नाराज असलेल्याला एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. म्हणून शेजारी जागेवरच राजी होत असेल तर वाटेची रुंदी, बांधाची बाजू आणि दोघांच्या सह्या त्याच वेळी कागदावर घ्या. "जा की बाबा माझ्या रानातनं" हे तोंडी बोलणं पुढच्या हंगामापर्यंत टिकेलच असं नाही.