जीपच्या पोटातला पंप

पंप म्हटला की विहिरीवरचा पंप आठवतो. पण जुन्या जीपच्या इंजिनालाही एक छोटा पंप असतो. १९४१ सालच्या विलीस जीपलाही तो होता. त्यात एक लवचीक पडदा असतो. तो खालीवर होतो आणि टाकीतले पेट्रोल ओढतो.

पडदा जुना झाला की चिरतो. मग पेट्रोल बाहेर गळते, नाहीतर इंजिनाच्या तेलात उतरते. तेल पातळ होते, इंजिन झिजते.

आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते. त्याने जुने रबर लवकर बिघडते. म्हणून पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्या. तेलाला पेट्रोलचा वास आला, तर तेलही बदलावे.

काम उघड्यावर करा. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची तार आधी सोडा. आणि विडी? ती जवळ नकोच! पडदा बदलता येतो, माणूस नाही.