उतारावर पाय आवरताना

डिसेंबरची पहाट, नाशिकची हुडहुडी आणि घोटीपुढची दगडगोट्यांची वाट! दोन कुटुंबं, दोन थार. ही गाडी बनतेही आपल्या नाशिकलाच. स्टिअरिंगवर माझी 19 वर्षांची लेक. तीव्र उतार आला तसे मैत्रिणीचे यजमान म्हणाले, "वहिनी, इथे मी घेतो गाडी."

लेक फक्त हसली. फोर बाय फोर लो, पहिला गिअर. क्लच दाबला की गाडी मोकाट. पाय काढला तर इंजिनच तिला धरून ठेवतं. अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर, नाहीतर हिसक्याने दुखावतात.

मी मात्र शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होते! खाली पोहोचल्यावर उमगलं, पाय काढायचा होता तो मीच.

ठेचा-भाकरी झाल्यावर ती म्हणाली, "आई, आता तू."

आणि मी बसले!