पोरगं उचलून नेतात म्हणे!

निपाणी-बेळगावकडच्या वस्त्यांत १०९८ या बालमदत क्रमांकाचा विषय काढा, पहिली शंका ठरलेली: फोन केला तर पोरगं उचलून नेतील. कायदा नेमका उलट सांगतो. २०१५च्या बालन्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. आई विधवा किंवा नवऱ्याने सोडलेली, बाप दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेला, अशा घरातलं मूल घरातच वाढावं म्हणून ‘मिशन वात्सल्य’ या सरकारी योजनेतून महिना ४००० रुपये मिळू शकतात. अट उत्पन्नाची: खेड्यात वर्षाला ७२ हजारांपर्यंत, शहरात ९६ हजारांपर्यंत. चौकशी जिल्हा बालसंरक्षण कक्षात करायची.

‘आईचं लक्षच नसतं,’ हा दुसरा आवडता निवाडा. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. पोरासाठी चारदा उठली की तेवढी वळणी बुडाली. मग थोरलीची शाळा सुटते, ती धाकट्याजवळ बसते. अशा घराला उपदेश नको, पाळणाघर हवं. कर्नाटकाने २०२३च्या अर्थसंकल्पात ४००० ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ ही पाळणाघरं जाहीर केली, ती रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी. विडीवाल्या बाईलाही तशीच सोय लागते.

धोका परक्याचाच, हेही खरं नाही. केंद्राच्या २००७च्या पाहणीत अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले.

आता सीमाभागाची खास सबब: ‘पोलीस ठाण्यात कन्नड, आपलं कोण ऐकणार?’ मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात त्याची सोय आहे. नोंद मुलाला न कळणाऱ्या भाषेत होत असेल, तर गरजेप्रमाणे दुभाषी द्यावा लागतो. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, तोही गणवेशाविना. गुन्हा कागलला घडला आणि घर निपाणीत, तरी हद्दीचं कारण सांगून तक्रार परतवता येत नाही. भाषेचा वाद जुना आहे, पण लेकराची तक्रार त्यात अडकवायचं काही कारण नाही.

आणि मुलांना वाचवायची ही कामं शिकल्यासवरल्या शहरी बायांची, असं कुणी म्हणालं तर घटप्रभेच्या ‘मास’ संस्थेचं नाव सांगावं. तिच्या सीतव्वा जोडट्टी स्वतः लहानपणी देवदासी म्हणून सोडलेल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा १९८२चा, पण मुली सोडणं थांबवायला आईबापांसमोर जाऊन बसणाऱ्या अशा बायाच लागल्या.

तेव्हा नुसता संशय असला तरी १०९८ फिरवा. फोन फुकट, चोवीस तास चालतो. लैंगिक अत्याचाराची माहिती सद्हेतूने देणाऱ्यावर पोक्सोखाली कारवाई होत नाही. माहीत असून गप्प बसणाऱ्याला मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.