मूठ ज्याची त्याची

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, तेव्हांपासून आमच्या सोनाळ्याच्या घरीं नातीनें नेमबाजीचा ध्यास घेतला. चुलतभावाचें हवेचें पिस्तूल घरांत होतेंच. त्याच मुठीवर तिनें शिकावें, असा काटकसरीचा सल्ला आम्हीं दिला. गोळ्या एकाच बाजूस जाऊं लागल्या आणि दोष बिचारीच्या एकाग्रतेस लागला!

वस्तुतः दोष मुठीचा होता. धनुर्वेदांतहि मुष्टीचे पांच प्रकार सांगितले आहेत, हें आम्हांस आठवावयास हवें होतें. १० मीटरच्या स्पर्धेंत पिस्तूल एका हातानेंच धरावयाचें. चापास किमान ५०० ग्रॅम भार हवा. मूठ जाड असल्यास बोट चापावर सरळ पोंचत नाहीं व ओढतांना नळी वळते. तळहाताखालची फळी हातास टेकावी. मनगटास आधार मात्र नियमबाह्य आहे.

परीक्षा सोपी आहे. रिकामें पिस्तूल डोळे मिटून लक्ष्याकडे उचलावें. डोळे उघडतांच पुढची माशी मागच्या खांचेच्या मधोमध दिसावी. न दिसल्यास लांकूड कानशीनें थोडें थोडेंच घांसावें. गेलेलें लांकूड परत येत नाहीं.

नातीस आतां तिच्या मापाची मूठ मिळाली आहे. वडीलधाऱ्यांनीं धाकट्यांस बोल लावण्यापूर्वीं त्यांच्या हातीं काय दिलें आहे, तें एकदां पाहावें.