हक्काचे भाग : घ्यावे कीं विकावे?

आमचे एक वृद्ध स्नेही आहेत. सारा जन्म अध्यापनांत गेला. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून त्यांनीं एका कंपनीचे भाग घेऊन ठेविले होते. त्या कंपनीनें मध्यंतरीं जुन्या भागधारकांस बाजारभावाहून बऱ्याच कमी दरानें नवे भाग देऊं केले. "आतां या वयांत आणखी पैसे कोठें घालूं?" असें म्हणून त्यांनीं तें पत्र रद्दींत टाकलें. मुदत उलटल्यावर सूनबाईंनीं हिशेब मांडला, तेव्हां कळलें कीं, स्वस्थ बसण्याचीही किंमत पडली होती. उभयतांच्या वर्षभराच्या औषधांचा खर्च तींत भागला असता.

अशी चूक पुष्कळ सुशिक्षित घरांतून होते, म्हणून या 'राइट्स इश्यू'ची थोडी फोड करणें आम्हांस अवश्य वाटतें. नवे भाग काढावयाचे तर ते प्रथम विद्यमान भागधारकांस त्यांच्या हिश्शाच्या प्रमाणांत द्यावे, हा 2013 च्या कंपनी कायद्याच्या 62 व्या कलमांतील साधारण नियम आहे. समजा, आपणांपाशीं शंभर रुपये भावाचे चार भाग आहेत, आणि पन्नास रुपयांस एक नवा मिळतो. मग पांच भागांची एकूण किंमत साडेचारशें, म्हणजे दर भागास नव्वद. नवा भाग स्वस्तांत पडला खरा, परंतु जुन्या चारांवर दहा-दहा रुपये घटले! घेणाराचें कांहीं वाढत नाहीं; मात्र जो घेतही नाहीं व आपला हक्क विकतही नाहीं, त्याचे चाळीस रुपये बुडतात. 2020 सालापासून हा हक्क डीमॅट खात्यांत जमा होतो व शेअर बाजारांत विकतां येतो. मात्र ही विक्री अर्जाच्या मुदतीपूर्वीं कांहीं दिवस बंद होते, हें विसरूं नये.

हिशेब झाला. चालकांस पैसे कशासाठीं हवे आहेत, हें ओळखणें याहून अवघड. 2019 च्या एप्रिलांत व्होडाफोन आयडियानें 38 भागांमागें 87 नवे भाग साडेबारा रुपयांस देऊं केले. मे महिन्यांत भारती एअरटेलनें 67 मागें 19, दर 220 रुपये. धंदा एकच, प्रतिस्पर्धी जिओ एकच, आणि दोघींची मागणीही प्रत्येकीं 25,000 कोटींची. ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयाचा सरकारी देण्यांविषयींचा निकाल दोघींवरही कोसळला. व्होडाफोन आयडियाचा भाग वर्ष सरण्यापूर्वींच पांच रुपयांखालीं गेला, आणि पुढें 2023 मध्यें थकलेल्या व्याजापोटीं सरकारलाच भाग द्यावे लागले. एअरटेलनें 2021 मध्यें पुन्हां हक्कभाग काढले ते 535 रुपयांस.

मूळ मालकांनीं स्वतः पैसे घातले कीं लहान गुंतवणूकदारानें निर्धास्त असावें, असा एक समज आहे. आम्हांस तो कधींच पुरता पटला नाहीं. व्होडाफोन व बिर्ला या दोन्ही पक्षांनीं मिळून सुमारें 18,000 कोटी घातले होते! खूण निराळ्या ठिकाणीं होती. 38 मागें 87 म्हणजे जो पैसे देणार नाहीं त्याचा वांटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरणार. एअरटेलमध्यें तो पाऊणाहून अधिक राहात होता. आपल्या जुन्या संसाराहून मोठें दान जी कंपनी मागते, तिची तहान एका घोटानें भागेल काय? सरकारी देण्यांचा वादही वर्षानुवर्षें न्यायालयांत चाललेला होता. गुप्त असें कांहीं नव्हतें. प्रस्तावपत्रांतील खटल्यांचीं बारीक अक्षरांतील पानें वाचावयाचीं असतात तीं याचसाठीं.

आमच्या स्नेह्यांकडे आतां अशीं पत्रें सूनबाई उघडतात. गेल्या महिन्यांत दुसऱ्या एका कंपनीचें आलें. उभारलेली बरीचशी रक्कम जुनें कर्ज फेडण्यांतच जाणार असल्यामुळें हक्क विकून मोकळें व्हावें, असें त्यांचें मत पडलें. सासरे म्हणाले, "पानें इकडे आण, मीही वाचतों," आणि चष्मा शोधूं लागले.