लंडनचा स्तंभ आणि लंडनचा पंप

लंडन शहराच्या इतिहासांतील एखादा प्रसंग सांग, असें आमच्या वर्गांत कोणालाहि विचारलें, तर बहुधा १६६६ सालच्या आगीचेंच नांव पुढें येतें. त्या वर्षीं २ सप्टेंबर रोजीं, रविवारीं, उजाडण्यापूर्वींच पुडिंग लेन नांवाच्या अरुंद गल्लींत एका पाववाल्याच्या भट्टीपासून आग लागली. वारा जोराचा, घरें बहुतेक लांकडी व एकमेकांस चिकटलेलीं. चार दिवसांत सुमारें १३,२०० घरें, ८७ प्रार्थनामंदिरें आणि सेंट पॉलचें प्राचीन महामंदिर जळून गेलें. ह्या आगीची आठवण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ आजहि तेथें आहे. त्याची उंची २०२ फूट. कारण स्तंभापासून त्या भट्टीपर्यंतचें अंतर तितकेंच मानिलें आहे.

परंतु ह्याच आगीशीं निगडित असलेला एक प्रसंग फारसा कोणी सांगत नाहीं. घरेंदारें गमावलेल्या लोकांना अपराधी हवा होता. रॉबर्ट ह्यूबर्ट नांवाच्या एका फ्रेंच तरुणानें ‘आग मींच लाविली’ असें कबूल केलें. त्याची जबानी घडोघडीं बदलत होती. खिडकींतून आगीचा गोळा फेकला असें तो म्हणे, पण त्या भट्टीला तशी खिडकीच नव्हती. तरी त्याच ऑक्टोबरांत त्याला फांशी देण्यांत आलें. मागाहून कळलें कीं, आग लागल्यावर दोन दिवसांनीं तो लंडनांत उतरला होता! एवढें होऊनहि १६८१ सालीं स्तंभावर ह्या आगीचा दोष कॅथॉलिक लोकांच्या माथीं मारणारे शब्द कोरण्यांत आले, आणि ते कायमचे पुसले गेले १८३० सालीं. दगडावर लिहिलेलें सर्वच खरें मानूं नये, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथें टिपून ठेवावें.

आतां दुसऱ्या प्रसंगाकडे वळूं. त्याला उंच स्तंभ लाभला नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनची वस्ती तेवीस लाखांवर गेली होती. घरांखालीं मैल्याचे खड्डे असत, गटारें थेम्स नदींत सोडलेलीं असत, आणि त्याच नदीचें पाणी पुष्कळ लोक पीत. १८५४ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस सोहो भागांतील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची सांथ उसळली. पहिल्या तीनच दिवसांत तेथें १२७ माणसें दगावलीं. सांथ संपेतों हा आंकडा ६१६ वर गेला. दुर्गंधीनें दूषित झालेल्या हवेमुळें पटकी होते, असें त्या काळच्या बहुतेक विद्वानांचें ठाम मत होतें.

डॉक्टर जॉन स्नो ह्यांना तें पटत नव्हतें. हे यॉर्क येथील एका मजुराचे चिरंजीव. आदल्याच वर्षीं राणी व्हिक्टोरिया हिला प्रसूतिसमयीं क्लोरोफॉर्म देण्याचा मान त्यांना मिळाला होता. असा प्रतिष्ठित वैद्य त्या वस्तींत दारोदार हिंडला, आणि मेलेल्या माणसांनीं पाणी कोठलें प्यालें होतें एवढेंच विचारीत गेला. बहुतेक सर्व उत्तरें ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवीत होतीं. जवळच्याच कामघरांत ५३५ निराश्रित राहत. तेथें फक्त पांच मृत्यु झाले, कारण तेथें स्वतंत्र विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यांतील सत्तरांवर कामगारांपैकीं एकहि पटकीनें मेला नाहीं. (ह्यावरून मद्यपानाचा पुरस्कार कोणी करूं नये. बिअर करतांना पाणी उकळतात, आणि त्या कारखान्याचीहि विहीर निराळी होती.) उलट, दूर हॅम्पस्टेड येथें राहणाऱ्या एका विधवेला ह्याच पंपाच्या पाण्याची गोडी असल्यामुळें ती तें रोज गाडीनें मागवीत असे, ती मात्र मरण पावली.

७ सप्टेंबरच्या सायंकाळीं स्नो ह्यांनीं स्थानिक पंचांपुढें आपलें म्हणणें मांडलें. पंचांची पुरती खात्री पटली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. त्यामुळेंच सांथ थांबली, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. खुद्द स्नो ह्यांनीं मात्र स्पष्ट लिहून ठेविलें आहे कीं, लोक वस्ती सोडून गेल्यामुळें रोग आधींच ओसरूं लागला होता. स्वतःच्या विजयांतील हें उणें त्यांनीं स्वतः दाखविलें, ह्याचें मला फार मोल वाटतें.

ह्या कथेंत आणखी एका पुरुषाची योग्यता मोठी आहे. रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड हे त्याच वस्तींतील तरुण साहाय्यक पाळक. ज्यांना त्यांनीं मूठमाती दिली, त्यांचीं नांवें, घरें, मुलें त्यांना ठाऊक होतीं. स्नो ह्यांचें मत खोटें ठरविण्याच्या हेतूनेंच त्यांनीं चौकशी आरंभिली. पण जसजसे ते घरोघर गेले, तसतसें तें मत त्यांना खरें वाटूं लागलें, आणि तसें त्यांनीं उघड सांगितलें. पहिल्या रोग्याचा शोधहि त्यांनींच लाविला. ४०, ब्रॉड स्ट्रीट येथील एका तान्ह्या मुलीला तो विकार झाला होता. आईनें तिचीं दुपटीं धुतलेलें पाणी घराखालच्या खड्ड्यांत ओतलें, आणि त्या खड्ड्याच्या विटा निखळून मैला लगतच्या विहिरींत झिरपत होता. आईवर दोष ठेवण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. ह्यूबर्टच्या काळीं काय झालें असतें, कोण जाणे!

आरोग्यमंडळानें स्नो ह्यांचें मत नाकारलें, आणि सांथ ओसरल्यावर पंपाला दांडा पुन्हां बसविण्यांत आला. पुढें १८५८ सालच्या जूनमध्यें विलक्षण उकाडा होऊन थेम्स नदीला इतकी घाण सुटली कीं, पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचें औषधी पाणी लावावें लागलें. नाकाशीं येतांच कायदा झपाट्यानें मंजूर झाला! जोसेफ बॅझलगेट ह्या एंजिनियरानें ८२ मैल लांबीचीं मोठीं भुयारी गटारें बांधून मैला शहराच्या खालच्या अंगाला नेला. हेतु दुर्गंधि घालविण्याचा. निघून गेली पटकी. १८६६ सालीं ती शेवटची आली, तीहि मुख्यतः ज्या पूर्व भागांत हें काम अपुरें होतें तेथेंच, आणि साडेपांच हजारांवर माणसें घेऊन गेली.

स्नो हें पाहावयास राहिले नाहींत. त्याच उकाड्याच्या जूनमध्यें, १६ तारखेस, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रानें दिलेल्या चार ओळींच्या मृत्युवृत्तांत पटकीचा उल्लेखहि नव्हता. ती चूक त्या पत्रानें २०१३ सालीं दुरुस्त केली. त्या रस्त्याला हल्लीं ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात. तेथें पंपाची एक प्रतिकृति मुद्दाम दांड्यावांचून उभी केलेली आहे, आणि जवळच्या मद्यगृहाला जॉन स्नो ह्यांचें नांव दिलें आहे. ते तरुणपणापासून मद्यपाननिषेधाचे प्रचारक होते!